एकोणीस सेंटिमीटर

३ जुलै, गुरुवार

सरकारी वहीत शेऱ्यासाठी दोन बोटं जागा आहे. तिथे 'आकाश निरभ्र' एवढंच मावतं. बाकीचं कुठेतरी लिहायला हवं म्हणून सोमवारच्या बाजारातून ही वही आणली. दवाखान्याच्या नोंदवहीत नऊ वर्षं लोकांचे ताप लिहिले, आता पुलाजवळच्या पूरचौकीत राखणदार म्हणून चौदा महिने ओढ्याचा लिहितेय. माणूस निदान कुठे दुखतं ते सांगतो.

जूनमधलं आधी लिहून टाकते, म्हणजे पुन्हा लिहायला नको. पंधरा तारीख, रविवार. दुपारी पुलाखालचं पाणी सहा मिनिटांत पन्नास सेंटिमीटर चढलं. मी भोंगा दाबला. खाली ओढ्यात मांडलेल्या टेबलांवर माराकेशचं एक कुटुंब मुलीच्या साखरपुड्याचं जेवत होतं. ती सगळी माणसं चपला हातात धरून काठावर पळाली. आलं काय, तर गुडघाभर गढूळ पाणी. वर रस्त्याच्या कामावर यंत्राने अडवलेलं होतं, ते कुणीतरी सोडलं. पाच मिनिटांत ओसरलं. पाहुणे परत जेवायला बसले नाहीत.

त्या टेबलांचा मालक माझा सख्खा धाकटा भाऊ, बेलाईद. तेव्हापासून गावात भोंग्याला 'यामनाची शेळी' म्हणतात. मी रस्त्याने निघाले की मागून कुणीतरी बें करतं.

मुकद्दम, म्हणजे सरकारचा गावातला माणूस, भोंग्याच्या पेटीला तार बांधून शिशाचं सील ठोकून गेला. म्हणाला, "तोडायचं तर तोड, बाई, तुझा अधिकार आहे. पण पुन्हा खोटं निघालं तर चौकीची किल्ली शहरात जाईल."

६ जुलै, रविवार

पातळी सकाळी ३१, दुपारी ३१, संध्याकाळी ३०.

आज ओढ्यात दोनशेच्या वर माणसं. पुलाखालून तिसऱ्या वळणापर्यंत सात हॉटेलं आहेत आणि सातांच्या खुर्च्या पाण्यात. बेलाईदच्या लाल आहेत, त्या चौकीच्या खिडकीतून सगळ्यांत आधी दिसतात. दर उन्हाळ्यात हे लोक दगड सरकवून पाण्याच्या धारा आपापल्या टेबलांखाली वळवतात, त्यावरून दुपारभर भांडतात आणि संध्याकाळी एकत्र चहा पितात. पुलाच्या वरच्या अंगाला मात्र दगडाला कुणी हात लावायचा नाही, एवढं चौकी बसली तेव्हाच ठरलंय.

तूदा, माझी मुलगी, उन्हाळाभर मामाकडे कामाला आहे. भाकरी आणि चहा पोचवते. ऑक्टोबरात शिक्षिकांच्या कॉलेजात जाईल. तोवर तिचे पाय दिवसभर ओढ्यात आणि माझा जीव तिच्या पायांत.

बेलाईद पुलावर टेकून उभा राहिला. "काय ताई, शेळीला चारापाणी झालं?"

"तुझी टेबलं निदान काठावर चढव. सुट्टीच्या दिवशी तरी."

"काठावर चढवली की त्याला नुसतं हॉटेल म्हणतात. तशी माराकेशात हजार आहेत. लोक इथे पाय भिजवायला येतात, माझ्या मटणाच्या तजीनसाठी येत नाहीत. माझं तजीन मलाही आवडत नाही."

मला हसू आलं. त्याच्यावर रागावता येत नाही, ही लहानपणापासूनची अडचण आहे.

९ जुलै, बुधवार

पातळी २२. काल संध्याकाळी ३० होती. एका रात्रीत आठ सेंटिमीटर.

पुलाच्या अलीकडच्या कमानीखाली डोळा टांगलाय, तो दर दहा मिनिटांनी पाण्यापर्यंतचं अंतर मोजून शहरात कळवतो. मी दिवसातून तीनदा त्याच कमानीच्या खांबावर रंगवलेली पट्टी वाचून त्याला ताडून बघते. पट्टीवरही २२. म्हणजे डोळा बरोबर आहे, पाणीच कमी झालंय.

दा हमादकडे गेले. तो गावाचा पाटकरी, कुणाच्या बागेला किती घटका पाणी ते तोच ठरवतो. वय ऐंशीच्या आसपास, नक्की त्यालाही माहीत नाही. विचारलं, पाटात जास्त पाणी घेतलंस का.

तो कुदळ खाली ठेवून माझ्याकडे बघतच राहिला. "पन्नास वर्षांत कुणी मला हे विचारलं नव्हतं. तुझ्या बापानेसुद्धा नाही, आणि तो तर सगळ्यांवर संशय घ्यायचा."

"रागावू नकोस. आकडा उतरलाय म्हणून विचारलं."

"आकडा उतरला असेल. ओढा उतरलेला नाही. सकाळी अंथरुणात ऐकतो ना मी, आवाज तेवढाच आहे."

त्याला हल्ली नीट ऐकू येत नाही. मी वाद घातला नाही.

१० जुलै, गुरुवार

बेलाईदने तजीन पाठवलं, जर्दाळू घातलेलं. कारण नसताना. तूदा म्हणाली, मामा आज सकाळपासून खूश आहे, पाठ धरलीय तरी गाणी म्हणतोय. त्याच्या टेबलांखाली आता पोटरीभर पाणी आहे, बाकीच्यांकडे घोटाही बुडत नाही. नशीब एकेकाचं. शेजारचे हॉटेलवाले जळतायत.

पातळी २०.

१५ जुलै, मंगळवार

हे मला कळत नाही म्हणून सविस्तर लिहिते.

डोळ्याखेरीज ओढ्याच्या तळात तीन डब्या पुरल्या आहेत, प्रत्येकी एक मीटर खोल. पहिली आणि दुसरी पुलाच्या जरा वर, कण्हेरीच्या जाळीपलीकडे. तिसरी आणखी दीडशे पावलं वर, वळणापाशी. वाळू-गोट्यांच्या फटींत जे पाणी कोंडलेलं असतं त्याचा दाब त्या मोजतात. इंजिनियर बाईंनी पहिल्या दिवशी असं समजावलं होतं: "तळ कोरडा असला तर गोटे एकमेकांना धरून बसतात. फटीतल्या पाण्याचा दाब वाढला की त्यांची पकड सुटते. मग वरून लोंढा आला तर तळसुद्धा त्याच्याबरोबर निघतो. नुसतं पाणी येणं वेगळं आणि दगडांसकट ओढा चालत येणं वेगळं."

ते ऐकल्यापासून मी कोरड्या ओढ्यातूनही जपून चालते.

उन्हाळ्यात पहिल्या दोन डब्या चार-साडेचार दाखवतात. आठवड्याभरात त्या सात आणि साडेसातवर गेल्यात. पाऊस नाही. पाणी कमी झालंय. तिसरी डबी जशीच्या तशी, चार पूर्णांक दोन.

शहरात त्याच इंजिनियर बाईंना, सिहामला, फोन केला.

"पातळी उतरतेय आणि दाब चढतोय? उन्हाळ्यात? यामनाबाई, असं नाही होत."

"पण होतंय."

"मग डब्या बिघडल्यात. बूच सैल झालं असेल. बघायला येईन. आणि हे बघ, भोंग्याचा नियम पातळीवर आहे, एकशे वीसच्या वर. डब्या यंदा फक्त नोंदीसाठी. त्यांच्यावरून काही ठरवू नकोस."

बरं वाटलं. तरी दर तासाला जाऊन आकडे बघितले. बिघडलेल्या वस्तूकडे इतक्यांदा कोण बघतं?

२२ जुलै, मंगळवार

सिहाम येऊन गेली. आज तिला चार चौक्या बघायच्या होत्या, गाडी चालूच ठेवली होती. चौकीतल्या तारा तपासल्या, त्या ठीक आहेत. डब्या उकरायला माणसं लागतात, ते सप्टेंबरात. तोवर पहिल्या दोन्ही डब्यांपुढे रोज 'अविश्वसनीय' लिहायचं. माझ्याच अक्षरात लिहायला लावलं.

बेलाईदने तिला जेवल्याशिवाय सोडलं नाही. ती पँट दुमडून पाण्यात बसली. पोटरीभर पाण्यात पाय हलवत म्हणाली, "तुमच्याकडे छान पाणी आहे हो. वर यामनाच्या कमानीखाली तर काहीच नाही."

बेलाईद तिला चहा ओतत होता, तो बाहेर सांडला.

मग त्याने विचारलं, "बाई, त्या डब्या कशानं बिघडतात? म्हणजे समजा आसपास दगड-बिगड हलले तर?"

"दगड हलून नाही बिघडत. पाणी जवळ साचलं तर आकडा चढेल, पण मग पातळीही चढायला हवी ना."

"हो हो, ते आहेच," असं म्हणून तो भाकरी आणायला गेला. भाकरी टेबलावरच होती.

यंत्रांबद्दल त्याने पहिल्यांदाच काही विचारलं. मला मनातून आनंद झाला. बहिणीचं काम आहे, एवढी तरी चौकशी करतो.

२७ जुलै, रविवार

दुपारी शिखरांवर ढग जमले. इथे ऊन. खाली खुर्च्या मोजल्या, एकशे चाळीसला थांबले. तूदा डोक्यावर भाकरीची टोपली घेऊन पाण्यातून जात होती. डब्या ७.९ आणि ८.१, अविश्वसनीय. पातळी १९. तिसरी ४.२.

चार वाजता ढग गेले.

संध्याकाळी तूदाला म्हटलं, रविवारी कामाला जाऊ नकोस.

"का?"

"मला बरं वाटत नाही."

"तुला बरं वाटत नाही की तुझ्या डब्यांना?"

"तूदा."

"आई, तुला माहितीये का मला खाली काय म्हणतात? शेळीचं करडू. मी ऐकून घेते. पण घरी बसले तर म्हणतील, बघा, पोरीलाही आईचं खूळ लागलं. मग तुझं कोण ऐकेल?"

ती कामाला जाणार.

५ ऑगस्ट, मंगळवार

पातळी १९. दोन आठवडे १९. ओढ्याची पातळी इतकी एका जागी कधी बसत नाही, सकाळ-दुपारी एखादा सेंटिमीटर तरी हलते. खांबाची पट्टी वाचताना जवळच्या पाण्यावर हिरवं शेवाळ दिसलं. वाहतं पाणी असं हिरवं होत नाही. पण उन्हाळा यंदा कडक आहे.

सरकारी वहीत लिहिलं: आकाश निरभ्र.

१४ ऑगस्ट, गुरुवार

बेलाईद चौकीत आला. पंधरा महिन्यांत पहिल्यांदा उंबऱ्याच्या आत आला. स्टुलावर बसला, भिंतीवरचा तक्ता वाचला, सील लावलेल्या पेटीला हात लावून पाहिला.

"ताई, हे तोडलंस आणि काही आलं नाही, तर खरंच काढतील तुला?"

"मुकद्दम तसं म्हणालाय."

"आणि तुझा तो डोळा कमी दाखवत असेल, तर? म्हणजे चूक डोळ्याची असेल, तुझी नाही, तर?"

"डोळा बरोबर आहे. मी रोज पट्टीवर ताडते."

"त्याच खांबावर?"

"दुसरीकडे पट्टी कुठे आहे?"

त्याने सीलवरून पुन्हा बोट फिरवलं. मग म्हणाला, "उद्या शुक्रवारपासून लोक येतात, मग रविवार. एवढे तीन-चार दिवस गेले की गर्दी संपते. मग बघू." उठला. दाराशी पुन्हा थांबला आणि शेवटी म्हणाला, पुदिना आहे का थोडा.

एवढ्यासाठी चढ चढून आला. तूदाच्या लग्नाचं काही मनात असेल का त्याच्या? त्याच्या बायकोच्या माहेरचा एक मुलगा आहे. सरळ विचारायचं धाडस झालं नसेल.

१९ ऑगस्ट, मंगळवार

परवाचं लिहायला आज वेळ मिळतोय. क्रमाने लिहिते, कारण सगळे क्रमानेच विचारतायत.

रविवार, सतरा तारीख. दुपारी एक वाजता पातळी १९, पट्टीवर १९. ऊन. वर शिखरापाशी काळं होतं, पण तसं आठवडाभर रोज दुपारी व्हायचं. खाली खुर्च्या भरलेल्या, कुठेतरी ढोलकी वाजत होती.

एक चाळीसला पहिली डबी ८ वरून ९.३. एक पन्नासला १०.६. दुसरी तिच्या मागोमाग. मी पट्टी बघायला पळत गेले: १९. सिहामला फोन लावला. ती कुणाच्यातरी लग्नात होती, मागून गाण्यांचा गोंगाट.

"पातळी?"

"एकोणीस."

"मग थांब. डब्या बिघडलेल्या आहेत, आपण लिहिलंय ना. नोंद करत रहा."

मी नोंद केली. हाताला घाम येऊन आकडा पुसला, पुन्हा लिहिला. दोन वाजता परत पाहिलं. पातळी १९. पहिली ११.९. आणि तिसरी डबी, वळणापाशीची, उन्हाळाभर जागची न हललेली, जिच्यापुढे मी कधीच 'अविश्वसनीय' लिहिलं नव्हतं, ती ४.२ वरून ६.८.

दोन डब्या बिघडू शकतात. पण दीडशे पावलांवरची तिसरी, तीही त्याच दुपारी, त्याच वीस मिनिटांत? दुसऱ्या बाजूला तो एकोणीसचा आकडा होता, आणि तो तर मी माझ्या डोळ्यांनी वाचला होता.

मी सगळ्यांत आधी किल्लीचा विचार केला. हे कुणाला सांगणार नाही, पण इथे लिहिते. ओढ्याचा नाही, तूदाचाही नाही. परत शहरातून किल्ली मागायला मुकद्दमच्या दारात उभं राहावं लागेल, याचा. किती वेळ तो विचार करत होते माहीत नाही. पुढचा आकडा आला, म्हणजे दहा मिनिटं गेली असतील. तिसरी ८.१.

तार हाताने तुटेना. बाहेरून दगड आणून सील ठेचलं आणि भोंगा दाबला. दोन वाजून अकरा मिनिटं.

खिडकीतून खाली पाहिलं. कुणी उठलं नाही. काही लोकांनी वर बघितलं. वेटर हसत होते. तिसऱ्या हॉटेलातून कुणीतरी लांब, मजेत बें केलं आणि त्याला टेबलाटेबलांवरून उत्तरं आली. ढोलकी भोंग्याच्या तालावर वाजायला लागली. मी बटण सोडलं नाही. ओरडत होते, पण भोंग्यापुढे मलाच माझा आवाज ऐकू येत नव्हता.

बेलाईद चहाचं तबक घेऊन पाण्याच्या मधोमध उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. तो वर बघत होता, पुलाकडे, पलीकडच्या कमानीकडे. मग त्याने तबक टाकून दिलं. ग्लासांसकट, पाण्यात.

पुढचं मी बघितलं आणि राहिलेलं तूदाने सांगितलं. त्याने जवळचं टेबल उलटं केलं. त्यावर एका कुटुंबाचं जेवण वाढलेलं होतं, ते गेलं. दुसरं उलटं केलं. एक गृहस्थ त्याची गचांडी धरायला उठले, तर त्यांच्या आईला, कोचावर बसलेल्या म्हातारीला, त्याने पाठुंगळी मारलं आणि काठाकडे निघाला. ते गृहस्थ शिव्या देत मागे, आणि त्यांच्या मागे सगळं कुटुंब. तूदाला तो ओरडला, "टोपली टाक, पोरं उचल." मग म्हातारीला काठावर ठेवून परत आत गेला आणि खुर्च्या प्रवाहात फेकायला लागला. एकामागून एक. स्वतःच्या.

खालच्या सहा हॉटेलांत भोंग्याने कुणी हललं नव्हतं. पण बेलाईदच्या लाल खुर्च्या वाहत येताना दिसल्या तेव्हा लोक उठले. बेलाईद खुर्ची सोडणारा माणूस नाही हे सगळ्या ओढ्याला माहीत आहे.

दोन वाजून वीस मिनिटांनी आवाज आला. खडीचे ट्रक एका वेळी ओतावेत तसा. पाणी दिसलंच नाही आधी, भिजवलेल्या मेंदीच्या रंगाची भिंत दिसली, तिच्यात झाडं आणि घराएवढे धोंडे. कण्हेरीची जाळी एकदम उचलली गेली. डोळ्याने एक आकडा पाठवला १९, त्याच्या पुढचा ३१०, मग काही नाही.

सगळी माणसं वर होती. दोनदा मोजली. अगदी खालच्या हॉटेलातल्या दोघांना काठावरून ओढून काढलं, एकाचा हात मोडला. बेलाईद शेवटी निघाला. त्याच्या पायावर त्याचाच फ्रिज आदळला, घोटा मोडलाय. तूदा चिखलाने माखलेली, कडेवर कुणाचंतरी मूल, ते मूल तिच्या कानातल्याशी खेळत होतं.

मी रडले नाही. सरकारी वही उघडली आणि वेळ लिहिली.

२३ ऑगस्ट, शनिवार

लोक भाकरी घेऊन येतात, बसतात, जातात. ज्याने पहिलं बें केलं होतं तो अक्रोडांची पिशवी ठेवून गेला.

मला एकाच गोष्टीचं कोडं आहे. सगळ्या गावात बेलाईदने माझ्या भोंग्याची सगळ्यांत जास्त टर उडवली. मग त्या रविवारी त्यानेच पहिल्या मिनिटात कसा विश्वास ठेवला? त्याला विचारलं. पाय उशीवर ठेवून पडला होता. म्हणाला, "बहीण आहेस." आणि तोंड भिंतीकडे केलं.

शहरातून पत्र आलंय. पूर येईपर्यंत पातळी एकोणीस कशी? डोळा बिघडला होता, कुणी हलवला होता, की राखणदार बाई आकडा न बघता लिहीत होत्या? खुलासा हवा, नाहीतर चौकी पुन्हा बसवायची की नाही याचा विचार होईल. दाबाचे आकडे पुराव्यात धरता येणार नाहीत, कारण वहीत त्यांच्यापुढे 'अविश्वसनीय' असं लिहिलेलं आहे.

माझंच अक्षर.

२६ ऑगस्ट, मंगळवार

दा हमाद मला पुलावर घेऊन गेला. चिखल वाळलाय. काठीने दोन्ही कमानी दाखवल्या.

"आधी चिखल कुठून चढला बघ. पलीकडच्या कमानीतून. तुझ्या कमानीत नंतर, मागून आलाय. महिनाभर अख्खा ओढा तिकडूनच जात होता."

"कशामुळे?"

"मला काय विचारतेस? मी पाटकरी. पाणी आपणहून कूस बदलत नाही, कुणीतरी वळवावं लागतं. वळवलं तर वर तळं साचतं, तळं साचलं तर खालची वाळू पिते. हे डबी न पुरताही कळतं."

"तू बोलला का नाहीस?"

"बोललो होतो. ओढा उतरलेला नाही म्हटलं. तू माझ्या कानांकडे बघितलंस."

चौकीत येऊन ही वही पहिल्यापासून वाचली. दहा जुलैचं पान दोनदा वाचलं. जर्दाळूचं तजीन, धरलेली पाठ, पोटरीभर पाणी. सगळं मीच लिहिलंय. चौकीपासून कण्हेरीची जाळी चाळीस पावलांवर होती. पलीकडे जाऊन बघायला मला कुणी अडवलं होतं? डब्या बिघडल्या असं कुणीतरी म्हणावं, याची मी वाटच बघत होते का? माहीत नाही. माहीत नाही हे खरं आहे की सोयीचं, तेही कळत नाही.

बेलाईदकडे गेले नाही. काय विचारणार? ज्या माणसाने दगड मांडले त्यानेच टेबलं उलटवली. पहिलं लिहिलं तर त्याचा परवाना जाईल, कदाचित तुरुंग. नाही लिहिलं तर चौकी जाईल, आणि पुढच्या ऑगस्टात पुन्हा खुर्च्या असतील.

२ सप्टेंबर, मंगळवार

सिहाम छापील अर्ज घेऊन आली. या वेळी गाडी बंद केली. आत येऊन पहिल्यांदा म्हणाली, "मी त्या दिवशी थांब म्हटलं होतं. ते मी माझ्या अहवालात लिहिलंय." तिचे डोळे सुजलेले होते. मी पाणी दिलं.

अर्जात एक रकाना: 'पातळीची नोंद चुकण्याचं कारण.' मी पेन घेतलं. चार दिवस मनात घोळवलेलं वाक्य लिहिलं: ओढ्याने नैसर्गिकरीत्या पात्र बदलल्यामुळे.

बाहेर कुबडीचा आवाज झाला. चढ चढून बेलाईद आला होता, घामाघूम, मागे तूदा. त्याने स्टूल ओढलं, पाय लांब केला आणि उलट्या बाजूने तो कागद वाचला. त्याला वाचायला वेळ लागतो. आम्ही थांबलो.

"नैसर्गिकरीत्या," तो म्हणाला. "हे माझं नवीन नाव का?"

"बेलाईद, गप्प बस."

"खोड ते, ताई." मग तो सिहामकडे वळला. "बाई, नऊ जुलैला पहाटे मी जाळीमागे दगड आणि प्लास्टिक लावून बांध घातला. पाणी पलीकडून माझ्या टेबलांकडे घेतलं. तुम्ही त्यात पाय सोडून बसला होतात. तुम्ही डब्यांचं सांगितलंत तेव्हा मला कळलं, की हिचे आकडे खरे आहेत आणि डोळा माझ्यामुळे आंधळा झालाय. तेव्हाही बांध काढला नाही. गर्दी संपली की काढू म्हटलं. चौदा तारखेला सांगायला आलो होतो, पुदिना घेऊन गेलो."

तूदा मामाकडे न बघता दाराची कडी हलवत होती.

सिहाम हळूच म्हणाली, "हे लिहिलं तर तुमचं काय होईल, माहीत आहे ना?"

"हॉटेल तसंही वाहून गेलंय. उरलेला मी आहे, तो चालत आलोय." मग मला म्हणाला, "लिही. बापाचं नावही घाल. वरच्या आळीतला बेलाईद उगाच अडकायचा."

मी आधीचं वाक्य खोडलं. रकाना लहान होता, अक्षर बारीक काढावं लागलं. बांध घालणाऱ्याचं नाव: बेलाईद, बिहीचा मुलगा. त्याखाली मी आणखी एक ओळ लिहिली, जी कुणी मागितली नव्हती: बांध चौकीपासून चाळीस पावलांवर होता, राखणदाराने जाऊन पाहिला नाही. सिहामने वाचलं आणि अर्ज परत माझ्याकडे सरकवला.

मग राखणदाराचं पूर्ण नाव लिहायची जागा आली. यामना, बिहीची मुलगी.